दोन कुलपांची पेटी

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार वगळते. तुलाही ते नको असतील आणि मलाही सुचत नाहीत. तुझा पत्ता बदलला नसेल असं धरून लिहिते आहे. शेवटचं भांडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘तुझा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.’ म्हणून फोन करत नाही. पत्राला आवाज नसतो, तेव्हा तुझा शब्द मी मोडला असं तुला म्हणता येणार नाही.

कामाचं आधी. आईची नजर गेली. उजवा डोळा मागच्या वर्षीच गेला होता. डावा आता उजेड आहे की अंधार, एवढंच सांगतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, करण्यासारखं काही राहिलेलं नाही. ती शांत आहे. तिच्यापेक्षा मीच जास्त रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेले आणि खोडायचा कंटाळा आला.

तिला आपण दोघींनी मिळून लिहिलेलं शेवटचं पुस्तक ऐकायचं आहे. आपण भांडलो त्याच महिन्यात निघालेलं. बाकीची सगळी तिने वाचली, चुका काढून वाचली. आपल्या गोष्टींतली टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई दुसऱ्यांची बोलणी ऐकून चोर पकडते, हे सगळं तिच्यावरूनच घेतलेलं, तर तिला तो हक्कच होता. पण हे शेवटचं तिने उघडलंच नाही. ‘दोघी माझ्यासमोर एकत्र बसाल तेव्हा वाचीन,’ असं म्हणाली आणि चार वर्षं तशीच बसून राहिली. हट्टीपणा आपल्या दोघींत कुठून आला ते कळतं ना?

परवा जेवताना म्हणाली, “मोठी येईल असं काही दिसत नाही. तूच वाचून दाखव. मागच्या पुस्तकातला तो माणूस रोज संध्याकाळी नसलेला नंबर मागायचा ना, तो कोणाला फोन करत होता, एवढं कळलं की झालं.”

मी म्हटलं, दाखवते. बोलून बसले आणि मग आठवलं, की पुस्तक आहे कुठे?

वाचनपेटीने त्यांच्या ॲपमधला आपल्या भाषेचा विभाग बंद केला, हे तुला कळलं असेल. नसेल तर ऐक. ‘वाचन कमी’ असं कारण देऊन एका सकाळी बंद. दुकानातून पुस्तकं गेलीच, पण ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांच्या फोनमधूनही गेली. आईच्या टॅबमध्ये नाहीत, माझ्याकडे नाहीत, तुझ्याकडेही नसणार. नुसते राखाडी चौकोन दिसतात, वर नाव असतं, बोट ठेवलं तर उघडत नाहीत.

करार मात्र चालू आहे. आपली पुस्तकं फक्त पेटीवर, दुसऱ्या कुठल्या दुकानात नाही, कागदावर नाही, कोणाच्या आवाजात नाही, ही अट अजून ठणठणीत आहे. म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. ते विकणार नाहीत, आपल्याला देणारही नाहीत.

दर वर्षी बारा एप्रिलला तो करार आपोआप वर्षभर पुढे सरकतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात तेवढं ‘बाहेर पडा’ हे बटण उघडतं. ते दाबलं की आपली पुस्तकं आपल्याला पूर्ण परत मिळतात. पण त्याला दोन आकडे लागतात. एक माझ्या फोनवर येतो, एक तुझ्या. हा शहाणपणा कोणाचा, आठवतं?

आपलाच. आई दुपारपाळीला एक्स्चेंजमध्ये जायची तेव्हा खाऊच्या फडताळाला दोन कुलपं लावायची, एक किल्ली तुला, एक मला. एकटीने हादडायची सोय नाही. पेटीवर खातं उघडताना त्यांनी विचारलं, मालक एक की दोन? आपण हसत सुटलो आणि दोन कुलपं लावली. बाकीचे लेखक इतके खुळे नसणार. आणि तुला हेही आठवत असेल, की एकदा आपण रुसलो, कोणी कोणाला किल्ली दिली नाही, आणि शेवटी फडताळ उघडलं तेव्हा आत मुंग्या होत्या आणि बिस्किटांचा भुगा होता. दोघीही रडलो होतो.

मला तुझा आकडा हवा आहे. बाकी काही नको. माझा नंबर तोच आहे.

धाकटी


२ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तू पत्र वाचून फडताळावर ठेवलं असणार आणि येता-जाता त्याच्याकडे बघत असणार. मी तुला ओळखते.

तोवर मी घर उलथंपालथं केलं. तुला माहीत आहे, विषम प्रकरणं माझी आणि सम तुझी. मी दवाखान्यात बसून, नंबर लावायच्या जुन्या कागदांच्या पाठीवर हाताने लिहायचे आणि मग पेटीत टाइप करायचे. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंट आत गेला की बाहेर बसणाऱ्या बाईला दुसरं काम काय असतं? तर ते सगळे कागद सापडले, एका पिशवीत, दवाखान्यातल्या प्लास्टरच्या जबड्यांच्या खोक्याखाली. पहिलं, तिसरं, पाचवं, असं करत शेवटून दुसऱ्यापर्यंत. माझं अर्धं पुस्तक आता घरात आहे.

तुझं अर्धं नाही. तू थेट पेटीच्या त्या लिहायच्या खोलीत लिहायचीस. ‘कागद कशाला, इथे काही हरवत नाही,’ असं मीच तुला म्हणाले होते, हे तू मला सांगायची गरज नाही.

आणि एक सांगते. शेवटचं प्रकरण तुझं होतं. ते तू आपल्या भांडणानंतर टाकलंस. मी ते वाचलेलंच नाही. तुझ्यावरच्या रागाने उघडलं नाही, मग नंतर कधीतरी बघू म्हटलं, पुस्तक काय पळून जातं का? तर तो माणूस कोणाला फोन करत होता, हे मलाही माहीत नाही. आईला सांगायची सोय नाही. तिला वाटतं मी मुद्दाम रंगवते आहे.

पेटीच्या मदतकेंद्राशी बोलले. बोलले म्हणजे दवाखान्यात दुपारी गर्दी नव्हती तेव्हा टाइप करत बसले. तिकडून कोणीतरी फार गोड बोलत होतं. म्हटलं, आमचं पुस्तक फक्त वाचायला द्या, विकायला नको. उत्तर आलं, ‘आपली पुस्तके सुरक्षित आहेत.’ म्हटलं, दुसऱ्या मालकिणीशी माझं बोलणं नाही, एका आकड्यावर उघडा. ‘आपल्या सुरक्षिततेसाठी दोन्ही आकडे आवश्यक आहेत.’ म्हटलं, मग तिच्या जागी दुसरा नंबर घाला. तर नंबर बदलायलाही दोन्ही आकडे लागतात. मी विचारलं, तुला आई आहे का रे? त्यावर लिहून आलं, ‘आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद.’ तेव्हा समजलं की पलीकडे माणूसच नाही. मग मी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. तेवढंच बरं वाटलं.

आई दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. घरचा फोन मांडीवर घेऊन. अधूनमधून रिसीव्हर कानाला लावते आणि म्हणते, “लाइन खराब आहे, तक्रार नोंदव.” मी म्हणते, नोंदवली. तू दर रविवारी तिला फोन करायचीस. तो बंद केलास त्याला आता दोन वर्षं होतील. भांडण माझ्याशी होतं, तिच्याशी नाही. ती विचारत नाही, मीही तो विषय काढत नाही. पण तुला लाज वाटायला हवी असं मला वाटतं, आणि ते मी इथे लिहून ठेवते.

पत्राला उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

धाकटी


२० मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढं लिहायला तुला महिना लागला.

‘माझ्याजवळ काही नाही. सगळं पेटीतच लिहिलं, तुझ्याच आग्रहाने. चार वर्षांपूर्वी मला बाहेर पडायचं होतं तेव्हा मी तुझा आकडा मागितला होता. तू दिला नाहीस. शेवटचं प्रकरण काय होतं ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. आईला नमस्कार.’

आईला नमस्कार सांगितला. तिने कार्ड मागून घेतलं आणि वास घेतला. तू काम करतेस त्या काचेच्या कारखान्यातून आलेल्या कार्डाला कसला वास येणार? पण ती म्हणाली, मोठीच्या हाताचा वास आहे. तिने ते उशीखाली ठेवलं आहे.

आता आकड्याचं. हो, नव्हता दिला. आणि का दिला नव्हता तेही तुला माहीत आहे. वाचनालयवाल्या काकांना आपली पुस्तकं छापायची होती. माणूस सोन्यासारखा, पुस्तकावर जीव टाकणारा, सगळं कबूल. पण त्यांचं दुकान म्हणजे तीन कपाटं आणि तीच ती गिऱ्हाइकं. पेटीत वाचक होते. जे फक्त पेटीचे असत त्यांना पेटी पुढच्या फळीवर मांडायची. बाहेर पाय टाकलेल्याला मागे, जिथे कुत्रं विचारत नाही. तू म्हणालीस, ‘अगं, हा दरवाजा आतून उघडत नाही, तुला दिसत कसं नाही?’ मी म्हटलं, उघडून जायचंय कोणाला? यावरून आपण एकमेकींना जे बोललो ते बोललो.

मी बरोबर होते. आजही म्हणते. त्या वर्षी आपल्याला जितक्या लोकांनी वाचलं तितके लोक काकांच्या दुकानाच्या पायऱ्या सात जन्मांत चढले नसते. पण एक गोष्ट मला नंतर कळली. ते वाचक आपले नव्हतेच. विभाग बंद झाला तेव्हा वाटलं, निदान लोकांना कळवावं तरी. कळवणार कोणाला? एकाही माणसाचं नाव आपल्याकडे नाही, पत्ता नाही, काही नाही. इतकी वर्षं आपल्याला वाचणारी माणसं एका सकाळी गेली आणि त्यांतलं एकही रस्त्यात भेटलं तर मला ओळखू येणार नाही. काका निदान नावाने सांगायचे, अमक्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना तुमचं नवं कधी येतं म्हणून विचारायचं आहे. काका आता नाहीत. त्यांच्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात.

असो. बरोबर असून काय उपयोग झाला, ते मला विचारू नकोस.

आता नीट ऐक. आठ एप्रिलला, संध्याकाळी सातला मी बटण दाबणार आहे. दवाखान्यातून लवकर निघायचं सांगून ठेवलं आहे. मी दाबलं की तुझ्या त्या जुन्या डबड्या फोनवर सहा आकडे येतील. ते दहा मिनिटं चालतात, मग मरतात. ते मला लगेच कळव. माझ्याशी बोलायची गरज नाही, माझा आवाज ऐकायची गरज नाही, नुसते आकडे. त्यानंतर तू मोकळी आणि मी मोकळी. पुस्तकं तू काकांच्या नावाने छाप, जाळ, काय हवं ते कर. मला फक्त एकदा आईला शेवटपर्यंत वाचून दाखवू दे.

ती अलीकडे थोडी घसरते आहे. परवा मला एक्स्चेंजमधली सोबतीण समजून विचारलं, “पाळी संपली का गं तुझी, की अजून बोर्डावर बसायचं आहे?” मी म्हटलं, संपली. मग लगेच शुद्धीवर आली आणि स्वतःच हसली. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

आठ एप्रिल. सात वाजता. विसरू नकोस गं.

धाकटी


८ एप्रिल

ताई,

आता साडेआठ वाजले आहेत. झालं ते सांगते.

आईने आज केस विंचरून घेतले. धुवट साडी नेसली. म्हणाली, कार्यक्रमाला बसायचं तर नीट बसावं. मी माझे कागद क्रमाने लावून ठेवले होते, मध्ये मध्ये तुझी प्रकरणं घालायला जागा सोडून. सातला बटण दाबलं. माझा आकडा लगेच आला. मी तो टाकला. खाली दुसरा चौकोन रिकामा होता. त्याच्यापुढे वेळ उलटी पळत होती.

तुझा आकडा आला नाही. आई म्हणाली, “आला का?” मी म्हटलं, येतोय. मग तुझा शब्द मोडून तुला फोन लावला, ताई. मी लावला. एंगेज. अशा वेळी तुला बोलायला दुसरं कोणी सापडलं. एकदाच लावला. म्हटलं, जिला आपल्यासाठी दहा मिनिटं नाहीत तिच्या पाया पडायला मी तिची कोण लागते? पहिली वेळ गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही गेली आणि पेटीने कळवलं, ‘वारंवार अपयशी प्रयत्नांमुळे ही सुविधा या वर्षापुरती बंद करण्यात आली आहे. आपली पुस्तके सुरक्षित आहेत.’

वर्ष. आईकडे वर्ष आहे असं तुला वाटतं का?

मी बोलले नाही तरी तिला कळलं. फोनवरच्या गप्प बसण्यावरून माणूस ओळखायची तिची आयुष्यभराची सवय. म्हणाली, “राहू दे. तिला काम असेल.” तुझी बाजू घेतली. चार वर्षं तोंड न दाखवणाऱ्या लेकीची बाजू, आणि जेवण भरवते मी.

तू सूड घेतलास. मी तेव्हा दिला नाही, तू आता दिला नाहीस, फिटंफाट. पण मी तेव्हा पुस्तकासाठी अडवलं होतं, तू आईला अडवलंस. हे मी विसरणार नाही. तो जुना फोन-नंबर तरी कशाला धरून बसली आहेस? देऊन टाक. इतकी वर्षं मला वाटायचं, तो ठेवला आहेस म्हणजे तुझ्या मनात कुठेतरी आहे. काही नाही. तुझ्याकडून मला यापुढे आकडा नको, कार्ड नको, नमस्कार नको. मला कोणी विचारलं तर मी आता सांगेन की मी एकटीच आहे, मला बहीण नव्हती.

सकाळी हे टाकते. रात्रीत मन बदलेल म्हणून आत्ताच पाकीट चिकटवते आहे.


२६ एप्रिल

ताई,

हे पत्र तू उघडशील का, माहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर उघडलं नसतं. तरी लिहिते.

तुझं पाकीट सतरा तारखेला आलं. त्यावर तुझ्याकडच्या पोस्टाचा नऊ एप्रिलचा शिक्का आहे. म्हणजे मी इकडे ‘मला बहीण नव्हती’ असं लिहिलेलं टपालपेटीत टाकत होते त्याच सकाळी तू तिकडे हे टाकत होतीस. दोन्ही पाकिटं वाटेत कुठेतरी एकमेकांच्या शेजारून गेली असतील. मी दवाखान्यात, समोर दाढ दुखणारा माणूस गाल धरून बसलेला असताना ते उघडलं. आत सहा आकडे होते, मोठ्या, सुबक अक्षरांत, दोनदा लिहिलेले, म्हणजे वाचायला चूक होऊ नये. आणि खाली तुझं:

‘सातला आकडे आले, मग दोनदा नवे. शेवटचे वर लिहिलेत. लगेच आईच्या नंबरवर लावला. सारखा लावत होते, साडेसातपर्यंत. नेहमीसारखाच लागला नाही. तो तू कापलास तेव्हाच मी समजले होते, की मी आईशीही बोलू नये असं तुला वाटतं. तुझा नंबर मी तेव्हा रागाने फोनमधून काढून टाकला आणि पाठ कधी नव्हताच. तू लिहिला असशील म्हणून तिन्ही पत्रं पुन्हा वाचली. कुठेच नाही. म्हणून पाकिटातून पाठवते. मला माहीत आहे, याला उशीर होणार. तू पुन्हा बटण दाब. मी रोज सातला फोन हातात घेऊन बसेन. या वेळी नंबर कळव. आणि शेवटचं प्रकरण मला सगळं आठवतं. तेव्हा खोटं लिहिलं. पण ते पत्रात सांगण्यासारखं नाही, आईसमोर बसून वाचण्यासारखं आहे.’

मी त्या माणसाला म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि आत जाऊन प्लास्टरच्या जबड्यांमध्ये उभी राहून रडले.

ताई, आईचा फोन मी कापला नाही. आमच्या गल्लीतल्या तारा काढून नेल्या. कंपनीची माणसं शिडी घेऊन आली, म्हणाली जुन्या तारा बंद, आता कोणाकडेच नाहीत. दोन वर्षं होतील. यंत्र तेवढं मी ठेवून दिलं, आईला हातात काहीतरी लागतं म्हणून. तिला सांगितलं नाही. आयुष्यभर लोकांच्या तारा जोडल्या तिने, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझीच तार गेली? आणि तुला सांगितलं नाही कारण मला वाटलं, जिला बोलायचं असेल ती माझ्या मोबाइलवर करेल. मी लिहिलं, ‘माझा नंबर तोच आहे.’ तोच म्हणजे कोणता, हे लिहायला माझा हात का दुखत होता, देव जाणे. आणि एंगेज का लागत होता तेही आता कळलं. तू मला शोधत होतीस.

सतरा तारखेलाच तुला फोन लावला. बंद होता. अठराला बंद. माझं ते पत्र तोवर तुझ्या हातात पडलं असणार. मी रोज लावत राहिले. परवापासून तिथली बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी देऊन टाक म्हटलं होतं. तू लहानपणापासून माझं काही म्हणून ऐकलं नाहीस, आणि नेमकं हेच ऐकलंस.

मदतकेंद्राला विचारलं. दुसऱ्या मालकाचा क्रमांक बंद झाला असेल तर काय? उत्तर तेच. क्रमांक बदलायला त्या जुन्या क्रमांकावर आलेला आकडा हवा. पुढच्या वर्षी बटण उघडेल, त्याच्या पुढच्या वर्षीही उघडेल, आणि दर वेळी तुझा आकडा त्या नसलेल्या नंबरावर जाईल. ‘आपली पुस्तके सुरक्षित आहेत.’ फडताळाची कुलपं आईने शेवटी बत्त्याने तोडली होती. हे कशाने तोडू?

आता आईचं सांगते. तेच सांगायला बसले होते.

आठ तारखेनंतर ती म्हणाली, आहे तेवढं वाच. मी माझी प्रकरणं वाचायला घेतली. पहिलं झालं, थेट तिसरं. ती मध्ये हात वर करायची. “मधलं?” मी म्हणायचे, मधलं मोठीकडे आहे. ती मान हलवायची आणि थोडा वेळ गप्प बसायची, जणू तेवढा वेळ तू वाचते आहेस. मग म्हणायची, हं, पुढे. अशी आम्ही शेवटच्या माझ्या प्रकरणापर्यंत आलो. तो माणूस पुन्हा फोन करतो, पुन्हा तोच नंबर मागतो, आणि एक्स्चेंजमधली बाई या वेळी त्याला ‘असा नंबर नाही’ म्हणत नाही, इथे माझं संपतं.

“मग?” आई म्हणाली.

माझ्याकडे काही नव्हतं. मी मनाने बनवलं. म्हटलं, तो आपल्याच घरी फोन करत होता, जुन्या घरी, जे आता नाही. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “छे. मोठीने असं लिहिलं नसतं.”

तुझं पाकीट त्यानंतर तीन-चार दिवसांनी आलं. मी धावत घरी गेले. ओरडून सांगितलं, आई, मोठीला सगळं आठवतं, ती येऊन वाचणार आहे. आई माझ्याकडे तोंड करून अदबीने म्हणाली, “नंबर सांगा.”

तेव्हापासून ती घरात नाही, बोर्डावर आहे. मला ओळखत नाही. रागावत नाही, त्रास देत नाही, कामावर असल्यासारखी ताठ बसते. गोष्टीचं नाव काढलं तर म्हणते, “ड्यूटीवर खासगी बोलणं नको.” डॉक्टरांना विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, वाट पाहू. या वेळीही ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलले.

माझा नंबर या कागदाच्या पाठीवर लिहिला आहे. मोठ्या अक्षरांत, दोनदा. तू फोन केलास तर मी काही बोलणार नाही, नुसता आईच्या कानाला लावीन. आलीस तर उत्तम. शेवट तिला सांगशील, तिला कळेल की नाही ते मी सांगू शकत नाही. मला कळेल.

आज संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं, “नंबर सांगा, कोणाला जोडायचं?”

मी म्हटलं, मोठीला. तुझा तो नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा. तिने बोटाने हवेत कुठेतरी बोर्डावरची पिन खोचली, रिसीव्हर कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, लाइन खराब आहे. तसं म्हणाली नाही.

“ठेवू नका,” म्हणाली. “लाइनवर राहा, जोडून देते.”

मी तिच्यासमोरच बसून हे लिहिते आहे. तिने अजून ठेवलेला नाही.

धाकटी